मिस पॅटीचा नवा रेडिओ

"भावजी, हे गेले. सकाळी पावणेसातला. चहाचा कप हातात होता, तो नीट टेबलावर ठेवला आणि गेले. तुम्ही या. येताना जोगळेकरांना बरोबर घ्या, त्यांना एकट्यानं गाडी चालवू देऊ नका."

सुमनवहिनींचा हा फोन मला ऑफिसात आला, त्याला आता सहा आठवडे होतील. मी शुगर लँडहून निघून ह्यूस्टनला नुकताच पोचलो होतो, कोटसुद्धा अंगातून काढला नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी गेली कित्येक वर्षं काम करतो. रंगमंचावर तीनदा मेलो आहे, दोनदा दुसऱ्याच्या मरणाची बातमी घेऊन धावत आलो आहे, आणि पाचही वेळा टाळ्या घेतल्या आहेत. पण इतकी सरळ बातमी मी कधी दिली नाही आणि कधी ऐकलीही नव्हती. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर पहिला विचार वसंताचा आलाच नाही. या बाईंना हे वाक्य बोलता आलं, हा विचार आला. एके काळी त्यांना असलं काही तोंडातून काढता येत नव्हतं, आणि त्यापायी आम्ही अडीच वर्षांपूर्वीच वसंताला घालवून बसलो असतो. त्या प्रकरणात मुख्य गुन्हेगार मी. तेव्हा हे लिहायचं कामही माझ्याकडेच यायला हवं.

वसंत काळमेघ अकोल्याचा. समुद्र त्यानं पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेला निघताना, मुंबईत, टॅक्सीच्या खिडकीतून. पुढं शिकायला गेला ओक्लाहोमात. तिथं तर समुद्राचं नावच नाही. मग ह्यूस्टनच्या तेल कंपनीत पंपांचा इंजिनिअर म्हणून लागला, शुगर लँडमध्ये घर घेतलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर या माणसाला एकाएकी शिडाच्या बोटीचं वेड लागलं. "पुण्याच्या माणसाला नाही कळायचं ते," तो मला म्हणायचा. "मे महिन्यात अकोल्यात राहून पाहा बे एकदा. जन्मभर पाण्याकडे पळत सुटशील." मी त्याला वसंता म्हणायचो, तो मला नाटक्या. बावीस वर्षांच्या मैत्रीत त्यानं माझं खरं नाव फक्त दोनदा घेतलं, दोन्ही वेळा पोलिसांसमोर, गाडी वेगात चालवत होतो म्हणून.

बोट पंचवीस फुटी होती, बऱ्याच मालकांच्या हाताखालून गेलेली. गॅल्व्हस्टन उपसागराच्या काठी, केमा या गावी, शुगर लँडपासून तासाभराच्या अंतरावर ती उभी असे. तिच्या पाठीवर मोठ्या निळ्या अक्षरांत 'मिस पॅटी' असं लिहिलेलं होतं. ही पॅटी कोण, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. वसंताच्या मनात नाव बदलून 'मोर्णा' ठेवायचं होतं, अकोल्याच्या नदीचं. पण शेजारच्या बोटीवरचा दाढीवाला टेक्सन हे ऐकून इतका दचकला की त्याच्या हातातला डबा खाली पडला. बोटीचं नाव बदलणं म्हणजे मोठा अपशकुन म्हणे. वहिनी लगेच त्याच्या बाजूनं झाल्या. "राहू दे हो पॅटी. उगाच कशाला?" आणि त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी त्या विचारायच्या, "काय, आज पॅटीकडे का? जेवण तिथंच, की घरी?"

सुमनवहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवतात आणि मोजतात. सहा पदरी हमरस्त्यावर त्या अशी गाडी चालवतात की जोगळेकर त्यांच्या शेजारी बसायला तयार होत नाही. देवधर्माचं त्यांचं फार नाही. पण अभद्र बोलायचं नाही, ही एक गोष्ट त्यांनी अमरावतीहून जी आणली ती कस्टममध्येही कुणी काढून घेतली नाही. वास्तू तथास्तु म्हणते. म्हणून त्यांच्या घरात दिवा विझत नसे, शांत होत असे; तांदूळ संपत नसत, वाढत असत; आणि कुणी आजारी असेल तर त्याला 'जरा बरं नाही', मग तो अतिदक्षता विभागात का असेना. लहानपणी वडिलांवर रागावून त्या काहीतरी बोलून बसल्या होत्या आणि त्याच आठवड्यात वडील गेले, एवढंच मला वसंताकडून कळलेलं होतं. काय बोलल्या होत्या ते त्यालाही त्यांनी कधी सांगितलं नाही.

वसंताला पहिला झटका आला तो मागच्या अंगणातलं गवत कापताना. तीनेक वर्षं झाली, ऐंशीच्या दशकाचा मध्य तो. तेलाचे भाव अजून कोसळायचे होते, सगळ्यांच्या नोकऱ्या शाबूत होत्या आणि आम्हा सगळ्यांना आपण अमर आहोत असं वाटत होतं. तो वाचला. पुढचे चार महिने हा माणूस सोफ्यावर बसून टीव्हीवरचं हवामान पाहायचा, आवाज बंद करून. वारा आग्नेयेचा, पंधरा मैल... तो नुसता बघायचा. वजन उतरलं, बोलणं उतरलं. मी जाऊन नकला करायचो, तर "छान" म्हणायचा. ज्या माणसानं मला कधी "भंगार" यापलीकडे दाद दिली नाही, तो "छान" म्हणायला लागला तेव्हा मी घाबरलो.

अखेर डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटीवर. एकट्यानं जायचं नाही, आणि बरोबर जो असेल त्याला मदत बोलावता आली पाहिजे. वहिनींनी घरी येऊन त्या अटीचं कलम केलं. "मी येणार बरोबर. आणि तो रेडिओ बदलल्याशिवाय बोट धक्का सोडणार नाही."

तो रेडिओ म्हणजे एक प्रदर्शनीय वस्तू होती. बोटीवरचा रेडिओ दुसऱ्या बोटींशी आणि किनाऱ्यावरच्या तटरक्षकांशी बोलण्यासाठी असतो. सोळा नंबरच्या चॅनलवर सगळे कान लावून असतात, आणि संकटात तिथंच हाक मारायची. पॅटीचा रेडिओ जुन्या पद्धतीचा, एकेका चॅनलसाठी आत एकेक स्फटिक बसवलेला. बारांपैकी सात चॅनल मुके झाले होते. खाऱ्या हवेनं पेटी हिरवी पडली होती. सोळा नंबर लागायचा, पण वरून उजव्या बाजूला एक चापट मारल्यावर. "हात बसलाय माझा त्याच्यावर," वसंता म्हणायचा. वहिनी म्हणायच्या, "तुमचा बसलाय. माझा नाही."

आणि मग सुरू झाला नव्या रेडिओचा शोध. इथं जोगळेकरची ओळख करून देतो. जोगळेकर सांगलीचा, तेलविहिरींच्या मोजमापाची यंत्रं बनवणारा. बोलतो कमी, कोष्टकं फार करतो. त्यानं तीन दुकानांचे कॅटलॉग आणून कागदावर नऊ रेडिओंची कोष्टकं मांडली. तीन रविवार आम्ही वसंताच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून त्यांच्यावर चर्चा केली. स्थळं बघतात तशी. हा उंच आहे पण पाण्याला टिकणार नाही, तो घराण्यानं चांगला पण आवाज घोगरा. मौज अशी की सगळ्यांची ताकद सारखीच, पंचवीस वॉट. त्याहून जास्त कायद्यानं देताच येत नाही. म्हणजे भांडायला मुद्दाच नव्हता, आणि मुद्दा नसताना तीन मराठी माणसं किती वेळ भांडू शकतात हे मी तुम्हाला सांगायला नको. मी तर यातलं काही न कळता भांडत होतो, केवळ वसंताच्या तोंडावर रंग परतत होता म्हणून. तिसऱ्या रविवारी त्यानं मला "भंगार" म्हटलं. मी घरी येऊन बायकोला मिठी मारली.

वहिनी या सगळ्यात बोलल्या नाहीत. चौथ्या शनिवारी म्हणाल्या, "मी येते दुकानात."

केमाशेजारच्या सीब्रूकला बोटींच्या सामानाचं एक अंधारं, दोरखंडांचा वास मारणारं दुकान होतं. मालकाचं नाव डेल, उन्हानं भाजलेला थोराड माणूस. त्यानं जोगळेकरच्या निवडीचे तीन रेडिओ काउंटरवर मांडले. जोगळेकरनं खिशातून कोष्टक काढलं. वहिनींनी चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला, डोळे मिटले आणि एकेका रेडिओवरून हात फिरवायला सुरुवात केली. डेल माझ्याकडे बघू लागला. मी अशा वेळी करतो ते केलं. जणू आमच्याकडे रेडिओ असेच घेतात, असा गंभीर चेहरा केला.

"यातलं सोळाचं बटण कुठलं?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

पहिल्या रेडिओत दोन बटणं एकदम दाबून मग चकती फिरवायची होती. दुसऱ्याचं बटण तांदळाच्या दाण्याएवढं, तिसऱ्याला तर तसलं बटणच नाही. त्यांनी तिन्ही बाजूला सारले. मग मागच्या फळीवरचा, जोगळेकरच्या कोष्टकात आठवा आलेला, एक काळा, ओबडधोबड ठोकळा मागवला. त्याच्या तोंडावर एक मोठं तांबडं बटण होतं, त्यावर सोळाचा आकडा. दाबलं की रेडिओ कुठंही असला तरी सोळावर यायचा. "हा," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, पण याचं रिसेप्शन..." जोगळेकर म्हणाला.

"जोगळेकर, हा बसवणार कुठं तुम्ही?"

"खाली केबिनमध्ये, नकाशाच्या टेबलाशी. वायरी सगळ्या आतून. एकदम स्वच्छ काम."

"बरं. समजा मी वर सुकाणू धरून बसलेय. हे खाली चहा करतायत."

"हो."

"आणि चहा करता करता यांना डुलकी लागली."

वसंता छताला टांगलेल्या दोरांकडे बघत होता. "लागली तर लागली..." मी काहीतरी बोलायला गेलो आणि मध्येच थांबलो.

"मग मी सुकाणू सोडून खाली जाऊ, की रेडिओ माझ्यापाशी येईल?"

तीन रविवार, नऊ रेडिओ, जेवणाच्या टेबलावर पसरलेले कागद, आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी रेडिओवर बोलणारा वसंता नसेल. आम्ही वसंतासाठी रेडिओ शोधत होतो. त्या स्वतःसाठी शोधत होत्या.

डेलला मराठी अर्थातच कळलं नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून त्याला नेमकं कळलं. तो मागं जाऊन एक फळी आणि बिजागरी घेऊन आला. रेडिओ फळीवर बसवायचा, फळी दाराच्या चौकटीला बिजागरीनं लावायची. बाहेर असताना ती फिरवली की रेडिओ थेट सुकाणूधाऱ्याच्या हाताशी. "मी सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला, "कुणी ऐकत नाही. या बाईंना न सांगता कळलं." बिजागरी आम्ही घेतली. जोगळेकरनं कोष्टकाची घडी केली आणि परत कधी ते दाखवलं नाही.

आता माझा गुन्हा. रेडिओ बसला, डोलकाठीवरची एरियल बसली, परवाना आला. राहिली ती तालीम. मदतीची हाक मारण्याची एक ठरलेली पद्धत असते: तीनदा 'मेडे', मग बोटीचं नाव, ठिकाण, काय झालंय आणि माणसं किती. वहिनींना हे पाठ हवं, आणि पाठ करून घ्यायला या गावात माझ्याहून लायक माणूस कोण? मी त्यांच्या दिवाणखान्यात दिग्दर्शकाच्या थाटात उभा राहिलो. वसंता सोफ्यावर आडवा, जोगळेकर टीव्हीचा रिमोट कानाशी धरून तटरक्षक झाला. वहिनींच्या हातात माइक म्हणून डाव.

"मेडे, मेडे, मेडे. धिस इज मिस पॅटी, मिस पॅटी, मिस पॅटी," वहिनी म्हणाल्या. आवाज खणखणीत. ठिकाण सांगितलं. मग थांबल्या.

"आता काय झालंय ते," मी म्हणालो. "माय हजबंड..."

"नाही."

"वहिनी, नाटक आहे."

"घरात उभं राहून नाही म्हणायचं मी असलं. वास्तू तथास्तु म्हणते."

सोफ्यावरचा रुग्ण म्हणाला, "अगं, इंग्रजीतून म्हण, काही होत नाही."

"घर टेक्सासच्या माणसानं बांधलंय. त्याला इंग्रजीच कळतं!"

यावर वसंता इतका हसला की वहिनी खरोखरच घाबरून त्याची नाडी बघायला धावल्या. मग मी तोडगा काढला. माझाच, दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. म्हटलं, त्या जागी एखादं निरुपद्रवी वाक्य घालू. चाल बसली म्हणजे झालं. प्रसंग आला की माणूस खरं वाक्य बोलतोच. काय घालावं? वहिनींना संध्याकाळच्या चहासाठी कुणालातरी दुकानात पाठवायचं होतं, त्यावरून मला सुचलं. "वी आर आउट ऑफ मिल्क." वहिनींना पसंत पडलं; तांदळाला चालत नसे ते दुधाला चालत असावं. पंधरा-वीस वेळा तालीम झाली. मेडे, मेडे, मेडे, मिस पॅटी, आमच्याकडचं दूध संपलंय, बोटीवर माणसं दोन. मी इतका खूश झालो की सगळी संहिता मोठ्या सुबक अक्षरांत एका कार्डावर लिहिली, प्लॅस्टिकमध्ये घातली आणि रेडिओशेजारी चिकटवली. दुधासकट. जोगळेकर म्हणाला, "ते वाक्य निदान कार्डावर तरी खरं लिहू." वहिनी म्हणाल्या, "बोट म्हणजेसुद्धा वास्तूच." आणि मी... मी कार्ड बदललं नाही. शिवलेलं नाटक परत उसवायचा मला कंटाळा येतो.

तो शनिवार दिवाळीच्या आधीचा. मीही जाणार होतो, पण तालीम होती. पुढचं सगळं मी वहिनींकडून ऐकलं आहे. दुपारी दोनचा सुमार, वारा बेताचा, ऊन चांगलं. वसंता सुकाणूवर होता. शिडाची दोरी ओढताना "अरे..." एवढंच म्हणाला आणि बाकावर कलंडला. वहिनींनी दोऱ्या सोडून दिल्या. त्यानंच शिकवलं होतं, की काही कळेनासं झालं तर दोऱ्या सोड, बोट आपोआप थांबते. शिडं फडफडायला लागली. त्यांनी नाडी पाहिली, श्वास पाहिला. फळी फिरवली, तांबडं बटण दाबलं. चष्मा कुठंतरी पडला होता, पण माझं अक्षर मोठं. त्यांनी कार्ड वाचायला सुरुवात केली. मेडे, मेडे, मेडे. धिस इज मिस पॅटी, मिस पॅटी, मिस पॅटी. समोरच्या, बोटींना वाट दाखवणाऱ्या खांबावरचा नंबर त्यांनी डोळे ताणून वाचून सांगितला. आणि मग त्याच खणखणीत आवाजात, शब्द न चुकता:

"वी आर आउट ऑफ मिल्क. टू पर्सन्स अबोर्ड. ओव्हर."

मग एक शांत, सुस्त टेक्सन आवाज आला. मॅडम, परत सांगा, काय संपलंय? आणि त्याच चॅनलवर कुठल्यातरी बोटीवरून कुणीतरी बटण दाबून मोठ्यानं हसलं. त्या हसण्याचा आवाज सबंध उपसागरात ऐकू गेला असणार.

वहिनी मला पुढं म्हणाल्या, "भावजी, कार्ड मी पुन्हा वाचलं. मला वाटलं, खाली कुठंतरी असेल. नव्हतं. तिथं नव्हतंच ते. माझं मलाच म्हणायला लागलं."

त्या म्हणाल्या, "माय हजबंड हॅज कोलॅप्स्ड. ही इज डाइंग. प्लीज कम."

त्यानंतर त्या सुस्त आवाजाची सुस्ती गेली. प्रश्न आले, उत्तरं गेली. बोलत राहा, तो म्हणाला, दर मिनिटाला माझ्याशी बोला. तटरक्षकांच्या आधी पोचली ती कोळंबी पकडणारी एक बोट, एका व्हिएतनामी नवरा-बायकोची. त्यांना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण ते शेवटचं वाक्य त्यांना कळलं होतं. बायकोनं पॅटीवर उडी मारून दोर बांधला, नवऱ्यानं पूर्ण वेगानं केमाचा धक्का गाठला. धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. इस्पितळात म्हणाले, अजून वीस मिनिटं गेली असती तर...

वसंताला छातीत बसवायचं यंत्र बसलं. मी त्याला भेटायला गेलो ते मान खाली घालून. कार्ड माझ्या खिशात होतं, मी बोटीवरून ते फाडून आणलं होतं. त्यानं ते मागितलं, वाचलं, आणि त्याच्या यंत्राला परवानगी होती तितका हसला. मग दाराकडे बघून, वहिनी नाहीत अशी खात्री करून, त्यानं मला एक गोष्ट सांगितली आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. ती मी अडीच वर्षं पाळली.

ही अडीच वर्षं त्याला फुकट मिळाली, असं तो म्हणायचा, आणि फुकटच्या वस्तूसारखीच त्यानं ती सढळ हातानं वापरली. दर शनिवारी दोघं जात. वहिनी सुकाणू धरायला शिकल्या, मग त्याला धरू देईनाशा झाल्या. नवं कार्ड त्यांनी स्वतः लिहिलं, खऱ्या वाक्यासकट. वसंतानं अधूनमधून माझी नाटकं पाहिली आणि भंगार म्हटलं. आणि मग एका मंगळवारी सकाळी चहाचा कप टेबलावर नीट ठेवला.

गेल्या शनिवारी वहिनी म्हणाल्या, "भावजी, बोटीवर येता? पावसाळी वादळांच्या आधी बांधून घ्यायला हवी." जोगळेकर मुलीकडे गेलेला, म्हणून आम्ही दोघंच. आम्ही दोर आवळले, शिडांची खोळ चढवली. वसंताची एक सवय होती: धक्क्याला बांधलेल्या बोटीवर चहा पितानाही रेडिओ बारीक आवाजात चालू ठेवायचा. कोळंबीवाले एकमेकांना शिव्या देत, कुणी पूल उघडायला सांगे, कुणी बायकोला येतो म्हणून निरोप धाडे; तो ऐकत बसायचा, सोसायटीच्या गच्चीवर बसल्यासारखा. वहिनींनी आल्या आल्या फळी फिरवून रेडिओ लावला होता. काम झाल्यावर त्या सुकाणूपाशी बसल्या.

"मी म्हटलं होतं ना तेव्हा," त्या म्हणाल्या. "डाइंग. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. अडीच वर्षं लागली, पण झालंच ना शेवटी."

जंतू मोजणारी बाई. चेहरा अगदी कोरडा. त्या थट्टा करत नव्हत्या हे मला कळलं, आणि हे त्या सहा आठवडे नव्हे, अडीच वर्षं मनात धरून बसल्या होत्या हेही कळलं. मी शपथ मोडली.

"वहिनी, त्याला सगळं ऐकू येत होतं."

"कधी?"

"बाकावर पडला होता तेव्हा. डोळे उघडता येत नव्हते, बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मला इस्पितळात सांगितलं त्यानं. म्हणाला, 'दुधाचं ऐकलं तेव्हा मला हसू आलं बे, पण हसताच येईना. मला वाटत होतं, आता झोपावं. फार गोड झोप येत होती. मग ती म्हणाली, ही इज डाइंग. मला पहिल्यांदा कळलं की आपण मरतोय. मी इतका घाबरलो, की झोपच उडाली. तिनं ते म्हटलं नसतं ना, तर मी आरामात गेलो असतो.' असं म्हणाला तो. आणि तुम्ही रेडिओवरच्या माणसाशी मध्ये मध्ये बोलत होतात आणि उरलेला वेळ वसंताला रागावत होतात, मराठीत, दोऱ्या नीट न गुंडाळल्याबद्दल, गोळ्या चुकवल्याबद्दल, तेही सगळं ऐकलं. म्हणाला, 'तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून थांबलो.' तुम्हाला सांगू नको म्हणाला. सांगितलं तर म्हणाल, नाटक करत होतात का."

वहिनींनी सुकाणूवर वाळलेलं मीठ नखानं खरवडलं.

"एवढं ऐकू येत होतं," त्या म्हणाल्या, "तर नुसतं हूं तरी म्हणायचं होतं."

आणि रडायला लागल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. हुंदके देऊन, नाक ओढत, मध्येच "मेला दुष्ट" म्हणत. मी पाठमोरा होऊन एक दोर सोडून परत बांधत राहिलो, आणि आयुष्यात प्रथमच एकही संवाद न बोलता एक अख्खा प्रवेश पार पाडला.

रेडिओवर एक नवखा आवाज आला. कुणी म्हातारा असावा. नवी बोट, नवा रेडिओ. माझा आवाज कुणाला येतोय का? कुणीच उत्तर दिलं नाही. शनिवारची दुपार, सगळे आपापल्या गडबडीत. त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी जरा दबून, नको विचारायला होतं अशा सुरात.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, माइक काढला आणि बटण दाबलं. "लाउड अँड क्लिअर, सर," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज अगदी स्पष्ट येतोय."

म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की तो त्यांना आपल्या बोटीची सगळी हकिकत सांगायला लागला. वहिनी माइक हातात धरून ऐकत बसल्या, आणि त्याचं वाक्य पुरं झालं की दर वेळी, न चुकता, बटण दाबून हूं म्हणत होत्या.